सीमा आधी, सूत्र नंतर: साखर कारखान्याच्या वाफेतून उष्मागतिकी

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना उष्मागतिकीचे उदाहरण सोडवायला दिले की बहुतेकांच्या वहीत पहिल्याच ओळीत सूत्र उमटते. दाब, तापमान आणि वस्तुमान यांच्या किमती त्यात भरल्या जातात, वाफेची कोष्टके उलगडली जातात आणि उत्तरही येते. मात्र हा हिशेब कशाचा मांडला, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. या विषयातले पहिले काम म्हणजे आपण ज्याचा विचार करत आहोत त्याच्याभोवती एक रेषा आखणे, असे माझे ठाम मत आहे. रेषेच्या आत आहे ती प्रणाली, बाहेर आहे तो परिसर आणि रेषा म्हणजे सीमा. पाठ्यपुस्तकात या तीन व्याख्या पहिल्या पानावर येऊन जातात आणि पुढे क्वचितच कोणी त्यांच्याकडे वळून पाहते. त्यांच्यावर किती अवलंबून असते, हे दाखवण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात बहुतेकांनी निदान बाहेरून तरी पाहिलेल्या साखर कारखान्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

सीमा संपूर्ण कारखान्याच्या कुंपणावरून आखली, तर आत ऊस, हवा आणि पाणी येते. बाहेर साखर, मळी, रस स्वच्छ करताना उरणारा गाळ म्हणजे प्रेसमड, धुराड्यातला धूर आणि वीज जाते. या हिशेबात वाफेचा एकही आकडा येत नाही, कारण वाफ सीमा ओलांडतच नाही. ती आतल्या आत बॉयलरपासून टर्बाईनकडे, तिथून रस आटवण्याच्या विभागाकडे, म्हणजे बॉयलिंग हाऊसकडे, आणि पाणी होऊन पुन्हा बॉयलरकडे फिरत राहते. सीमा फक्त टर्बाईनभोवती आखली की मात्र वाफ हाच हिशेबाचा मुख्य विषय होतो आणि ऊस व साखर दोन्ही अदृश्य होतात. यंत्रे तीच आणि वाफही तीच असते, फक्त प्रश्न बदललेला असतो. उष्णता आणि कार्य या दोन राशींना तर सीमेशिवाय अर्थच नाही, कारण त्या कोणत्याही पदार्थात साठवलेल्या नसतात. सीमा ओलांडून जाणाऱ्या ऊर्जेची ती दोन रूपे आहेत. तापमानातल्या फरकामुळे जी ऊर्जा सीमेपार जाते ती उष्णता, आणि फिरता दांडा, सरकता दट्ट्या किंवा विजेची तार यांच्यामार्फत जी जाते ते कार्य.

बॉयलरच्या भट्टीपासूनच सुरुवात करू. गिरणीतून बाहेर पडलेल्या बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यात, निम्मे वजन पाण्याचे असते. एक किलो ओला बगॅस जाळला, तर त्याचे स्थूल उष्मांकमूल्य सुमारे ९,५०० किलोज्यूल आणि निव्वळ मूल्य सुमारे ७,५०० किलोज्यूल भरते. फरक पडतो तो पाण्यामुळे: बगॅसमधला अर्धा किलो ओलावा आणि जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून तयार होणारे पाणी वाफ होऊनच धुराड्यातून निघून जाते आणि त्या बाष्पीभवनाला लागलेली ऊर्जा सोबत नेते. स्थूल मूल्य धरताना धुरातल्या पाण्याचे पुन्हा द्रव झाले असे मानतात, निव्वळ मूल्य धरताना ते वाफेच्या रूपातच गेले असे मानतात. त्यामुळे स्थूल मूल्यावर ७० टक्के कार्यक्षमता असलेला बॉयलर निव्वळ मूल्यावर जवळजवळ ८९ टक्क्यांचा दिसतो. दोन कारखान्यांच्या बॉयलरची तुलना करणाऱ्याने आधी विचारायला हवे ते हेच, की धूर सीमेबाहेर जाताना त्यातले पाणी कोणत्या अवस्थेत धरले आहे.

अवस्था म्हणजे गुणधर्मांच्या किमतींचा संच. साध्या शुद्ध पदार्थाची अवस्था निश्चित करायला दोन स्वतंत्र गुणधर्म पुरतात. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द विद्यार्थी नेहमी वगळतात. टर्बाईनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेला कारखान्यात नुसते ‘एक्झॉस्ट’ म्हणतात. तिच्या नळीवरचा दाबमापक १.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवतो, त्यात वातावरणाचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब सुमारे २.५ बार होतो. या दाबाला पाणी १२७ अंश सेल्सिअसला उकळते. नळीतल्या तापमापकानेही १२७ दाखवले, तर आपल्याला दोन गुणधर्म कळले असे वाटते; प्रत्यक्षात एकच कळलेला असतो, कारण पाणी आणि वाफ एकत्र नांदत असताना दाब ठरला की तापमान आपोआप ठरते. त्या नळीत कोरडी वाफ आहे, दहा टक्के पाण्याचे थेंब मिसळलेली ओली वाफ आहे की निव्वळ उकळते पाणी आहे, हे दोन्ही मापकांवरून सांगता येत नाही. त्यासाठी वाफेचा शुष्कांक (मिश्रणाच्या वजनातला कोरड्या वाफेचा वाटा) किंवा पुढे भेटणाऱ्या एन्थाल्पीसारखा खरोखरच वेगळा असा दुसरा गुणधर्म लागतो. हा फरक लहान नाही. २.५ बारला एक किलो कोरडी संपृक्त वाफ द्रव होताना सुमारे २,१८० किलोज्यूल उष्णता देते. दहा टक्के ओली वाफ असेल तर साखर शिजवण्याच्या भांड्याला, म्हणजे पॅनला, तेवढीच कमी उष्णता मिळते, आणि मापक मात्र दोन्ही वेळा तेच आकडे दाखवत राहतो.

वाफ डोळ्यांनी ओळखता येते, असाही एक समज आहे. कधी एखाद्या फ्लँजच्या, म्हणजे नळ्यांच्या जोडाच्या, गॅस्केटमधून उच्च दाबाची वाफ सुटत असेल, तर फटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, फक्त कान बधिर करणारा आवाज असतो. पांढरा लोट दिसू लागतो तो काही अंतर पुढे. तो पांढरा लोट म्हणजे हवेत थंड होऊन तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ त्या आधीच्या, रिकाम्या वाटणाऱ्या जागेत असते, आणि तीच सर्वांत घातक असते. बॉयलर हाऊसमध्ये प्रथम जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सर्वांत आधी सांगतो.

आता एन्थाल्पी. या राशीची भीती वाटण्याचे कारण असे की ती व्याख्या म्हणून समोर येते, गरज म्हणून येत नाही. ८० बार दाबाची आणि ५०० अंश तापमानाची वाफ घ्या. तिची आंतरिक ऊर्जा किलोमागे सुमारे ३,०६५ किलोज्यूल असते. पण ही वाफ टर्बाईनच्या सीमेतून आत शिरते ती मागच्या वाफेने ढकलल्यामुळे, आणि त्या ढकलण्यातही कार्य होते. एक किलो वाफेचे आकारमान या अवस्थेत ०.०४१८ घनमीटर असते. त्याला ८,००० किलोपास्कल दाबाने गुणले की ३३४ किलोज्यूल येतात. दोन्हींची बेरीज सुमारे ३,४०० किलोज्यूल, हीच एन्थाल्पी. सीमा बंद असती, आत येणारे-बाहेर जाणारे काहीच नसते, तर आंतरिक ऊर्जेवर भागले असते. सीमेतून पदार्थ वाहतो म्हणून एन्थाल्पी लागते. एवढे ध्यानात आले की बंद प्रणालीसाठी कोणती राशी घ्यायची आणि प्रवाही प्रणालीसाठी कोणती, हे पाठ करावे लागत नाही.

टर्बाईनभोवती सीमा ठेवून पहिला नियम लावू, म्हणजे ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा नियम. वाफेचा वेग, उंचीतला फरक आणि कवचातून हवेत जाणारी उष्णता या गोष्टी इथे लहान असल्याने सोडून दिल्या, तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या एन्थाल्पीतला फरक म्हणजेच दांड्यावर मिळणारे कार्य. ३,४०० किलोज्यूलची वाफ २.५ बारपर्यंत प्रसरण पावू दिली, तर आदर्श, म्हणजे कार्य मिळवण्याची शक्यता वाया न घालवणाऱ्या (एन्ट्रॉपी न वाढवणाऱ्या; तिच्याकडे पुढे येऊ) टर्बाईनमध्ये किलोमागे सुमारे ८१३ किलोज्यूल कार्य मिळेल. प्रत्यक्ष टर्बाईन त्याच्या ८० टक्के देते असे धरले तर ६५० मिळतात आणि २,७५० किलोज्यूलची एक्झॉस्ट वाफ बाहेर पडते. हीच वाफ कंडेन्सरमधल्या, म्हणजे थंड पाण्याने वाफेचे पाणी करणाऱ्या पात्रातल्या, ०.१ बारपर्यंत नेली, तर तितक्याच चांगल्या टर्बाईनमधून सुमारे १,०१५ किलोज्यूल मिळतील.

इथे सीमेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वीज हेच एकमेव उत्पादन मानून कार्यक्षमता काढली, तर कंडेन्सरच्या चक्राला ३,२०८ किलोज्यूल उष्णता (वाफेच्या एन्थाल्पीतून बॉयलरकडे परतणाऱ्या पाण्याची एन्थाल्पी वजा करून) देऊन १,०१५ मिळाले, म्हणजे साधारण ३२ टक्के. वाफ २.५ बारलाच बाहेर सोडणाऱ्या, म्हणजे बॅक-प्रेशर, चक्राला २,८६५ देऊन ६५० मिळाले, म्हणजे साधारण २३ टक्के. या आकड्यांवरून दुसरे यंत्र निकृष्ट ठरेल. पण सीमा जरा रुंद करून बॉयलिंग हाऊस तिच्यात घेतले की चित्र उलटे होते. कंडेन्सरमधून बाहेर टाकलेले सुमारे २,१९० किलोज्यूल ४६ अंशांना थंड पाण्यात जातात आणि तिथे त्यांचा काही उपयोग नसतो. बॅक-प्रेशर टर्बाईनच्या एक्झॉस्टमधले सुमारे २,२१५ किलोज्यूल १२७ अंशांच्या आसपास उसाचा रस आटवतात. ती उष्णता कारखान्याला कोणत्याही परिस्थितीत हवीच असते. टर्बाईन नसता, तर त्यासाठी वेगळा बगॅस जाळावा लागला असता.

याच हिशेबातून एकाच वाफेपासून वीज आणि उष्णता दोन्ही मिळवण्याचे, म्हणजे सहवीजनिर्मितीचे, खरे मर्म कळते, आणि मला वाटते ते पुरेसे स्पष्ट करून कोणी सांगत नाही. जुन्या कारखान्यांत बॉयलर २०-२१ बारच्या आसपास चालत आणि वाफ ३४०-३५० अंशांची असे. २० बार आणि ३५० अंशांच्या वाफेची एन्थाल्पी ३,१३८ किलोज्यूल; तीही २.५ बारपर्यंत ८० टक्क्यांच्या टर्बाईनमधून नेली, तर कार्य मिळते ३६७ किलोज्यूल. ८० बारला गेल्यावर बॉयलरमध्ये किलोमागे उष्णता द्यावी लागते ती २६२ किलोज्यूल अधिक, म्हणजे सुमारे १० टक्के जास्त बगॅस. आणि कार्य वाढते २८३ किलोज्यूलने, म्हणजे जवळजवळ ७७ टक्क्यांनी. जास्त दिलेल्या उष्णतेपेक्षा जास्त मिळालेले कार्य मोठे कसे, असा प्रश्न पडणे योग्यच आहे. उत्तर असे, की उरलेले २१-२२ किलोज्यूल एक्झॉस्टमधून कमी झाले आहेत, त्यामुळे पहिला नियम पुरेपूर पाळला जातो. दुसरा नियमही, म्हणजे चक्रात सगळी उष्णता कार्यात बदलता येत नाही हा नियम, मोडत नाही, कारण संपूर्ण चक्र अजूनही २,२०० किलोज्यूलहून अधिक उष्णता खालच्या तापमानाला सोडतेच; फक्त ती सोडलेली उष्णता घ्यायला रस आणि पॅन तयार आहेत. कारखान्यांनी गेल्या काही दशकांत ६७, ८७ आणि ११० किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाचे बॉयलर का बसवले, याचे उष्मागतिकीतले कारण एवढेच आहे.

टर्बाईन बंद असताना किंवा एक्झॉस्ट कमी पडत असताना बॉयलरची ताजी वाफ दाब कमी करणाऱ्या झडपेतून थेट एक्झॉस्टच्या नळीत सोडतात. झडपेभोवती सीमा आखून पहिला नियम लावा: फिरता दांडा नाही, उष्णतेची देवाणघेवाण नगण्य, म्हणून आत ३,४०० आणि बाहेरही ३,४०० किलोज्यूल. ऊर्जेच्या वहीत एका ज्यूलचीही तूट नाही. दाब मात्र ८० बारवरून २.५ बारवर आला आणि तापमान सुमारे ४६० अंशांवर. म्हणूनच पुढे पाण्याचा फवारा मारून ही वाफ पॅनसाठी योग्य तापमानाला आणावी लागते. मग गेले काय? गेली ती कार्य मिळवण्याची शक्यता, आणि तिचा हिशेब ठेवणारी राशी म्हणजे एन्ट्रॉपी. वाफेची एन्ट्रॉपी झडपेआधी प्रतिकिलो प्रतिकेल्विन ६.७३ किलोज्यूल असते, झडपेनंतर ती ८.३ च्या आसपास जाते. या १.५७ च्या वाढीला परिसराच्या ३०० केल्विन तापमानाने गुणले की किलोमागे सुमारे ४७० किलोज्यूल कार्य कायमचे हरपल्याचे कळते. खऱ्या टर्बाईनमध्येही एन्ट्रॉपी वाढते, पण ती साधारण ०.४ ने. रात्रपाळीत ती झडप किती वेळ उघडी राहिली, याची नोंद ठेवणारा अभियंता दुसरा नियम समजलेला आहे, असे मी खुशाल मानतो.

एन्ट्रॉपीला हे नाव रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये दिले. त्यामागचा विचार मात्र त्याहून जुना आहे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच दाखवले होते, की उष्णतेपासून मिळू शकणाऱ्या कार्याची कमाल मर्यादा यंत्रातल्या द्रव्यावर नव्हे, तर ज्या दोन तापमानांमध्ये यंत्र चालते त्यांच्यावर अवलंबून असते. विशेष म्हणजे त्या काळी उष्णता हा एक न नष्ट होणारा द्रवपदार्थ समजला जाई आणि कार्नो यांचा युक्तिवादही त्याच कल्पनेवर उभा होता. तरीही निष्कर्ष टिकला. जेम्स ज्यूल यांच्या १८४० च्या दशकातल्या प्रयोगांनी कार्य आणि उष्णता यांचे नाते पक्के केले आणि पुढे क्लॉसियस व केल्विन यांनी दोन्ही धागे एकत्र विणले.

कार्नोचे सूत्र वापरतानाही सीमा चुकते. ५०० अंश म्हणजे ७७३ केल्विन आणि कंडेन्सरचे ४६ अंश म्हणजे ३१९ केल्विन, या दोन आकड्यांतून ५९ टक्के कमाल कार्यक्षमता निघते. पण आपल्या चक्राची आदर्श कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आतच राहते. यात विसंगती नाही. बॉयलरच्या सीमेतून उष्णता आत येताना पाणी सर्व काळ ५०० अंशांवर नसते: ते ४६ अंशांपासून तापू लागते, २९५ अंशांना उकळते आणि वाफ झाल्यावरच ५०० पर्यंत चढते. दिलेल्या ३,२०८ किलोज्यूलना एन्ट्रॉपीतल्या ६.०८ च्या वाढीने भागले, तर उष्णता स्वीकारण्याचे सरासरी तापमान ५२८ केल्विन, म्हणजे जेमतेम २५५ अंश सेल्सिअस निघते. हे तापमान कार्नोच्या सूत्रात घातले की बरोबर ३९.६ टक्के मिळतात. माझ्या दृष्टीने संपूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत सुंदर हिशेब आहे, कारण बॉयलरमध्ये जाणारे पाणी, म्हणजे फीड वॉटर, आधीच तापवून घेणे, बॉयलरचा दाब वाढवणे आणि वाफ अतितप्त करणे (उकळबिंदूच्याही वर तापवणे) या तिन्ही गोष्टी एकाच आकड्याभोवती फिरतात, हे तो दोन ओळींत दाखवतो.

आता एक्झॉस्ट वाफ जिथे जाते त्या रसाकडे. स्वच्छ केलेल्या रसात साधारण १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असतात आणि सिरपमध्ये ते ६० टक्क्यांपर्यंत न्यायचे असतात. म्हणजे रसाच्या वजनाच्या तीन चतुर्थांश पाणी उडवायचे असते. गुऱ्हाळात हे काम चुलवाणावरच्या उघड्या काहिलीत होते आणि प्रत्येक किलो पाण्यामागे २,२५७ किलोज्यूल ऊर्जा वाफेबरोबर आकाशात जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकलेल्या नॉर्बर्ट रिलियू यांनी हीच उधळपट्टी लुइझियानातल्या साखरेच्या मळ्यांवर पाहिली आणि १८४३ मध्ये बहुपात्री बाष्पीभवन यंत्रणेचे पेटंट घेतले. कल्पना अशी, की पहिल्या पात्रात रस उकळून निघालेली वाफ वाया न घालवता तिनेच दुसऱ्या पात्रातला रस उकळवायचा. पण वाफ आणि रस एकाच तापमानाला असतील तर उष्णता वाहणार नाही. म्हणून दुसऱ्या पात्रातला दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस त्याहून खालच्या तापमानाला उकळतो. तिसऱ्यात दाब आणखी कमी, चौथ्यात निर्वात. चार पात्रांच्या रांगेत, ज्याला कारखान्यात ‘क्वाड’ म्हणतात, एक किलो एक्झॉस्ट वाफेने चार किलोच्या जवळपास पाणी उडते. दाब ठरला की उकळण्याचे तापमान ठरते, हे मघाशी मापकावर अडचणीचे वाटलेले नाते इथे थेट कामाला लावलेले आहे.

व्हॅक्यूम पॅनमध्येही तेच. ०.२ बार दाबाला शुद्ध पाणी ६० अंशांना उकळते. दाट मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि पाक यांचे मिश्रण, विरघळलेल्या साखरेमुळे त्याहून काही अंश वर उकळते, तरीही साखर तुटण्याचा आणि रंग काळवंडण्याचा धोका कमी राहतो. पॅनमन नमुनादांड्याने थोडे मॅसिक्विट काढून काचेच्या पट्टीवर पसरवतो आणि दिव्यासमोर धरून दाणा पाहतो. त्याच्या मागे निर्वातमापकाचा काटा स्थिर असतो. काटा हलला की पॅनमधले तापमान हलते, आणि त्याबरोबर दाण्याची वाढही बिघडते.

पॅनमधून आणि शेवटच्या पात्रातून निघालेली वाफ शेवटी कंडेन्सरमार्फत स्प्रे पाँडच्या, म्हणजे फवारे मारून पाणी थंड करणाऱ्या तलावाच्या, पाण्यात जाते. आकड्याने ही ऊर्जा प्रचंड असते, आणि तिच्यापासून वीज का करत नाही, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. ६० अंशांची उष्णता आणि ३० अंशांचा परिसर यांच्यातली कार्नो मर्यादा ९ टक्के आहे, आणि खरे यंत्र तिच्याही बरेच खाली राहील. त्या ऊर्जेवर इलाज करायचा तो तलावापाशी नव्हे, अलीकडेच: पहिल्या-दुसऱ्या पात्रातली वाफ काढून ज्यूस हीटर आणि पॅन तिच्यावर चालवायचे, चारऐवजी पाच पात्रे लावायची, म्हणजे तलावाकडे जाणारी वाफच कमी होते आणि बॉयलरकडे वाचलेला बगॅस हंगाम संपल्यावरही वीज करायला उरतो.